डिश बसेल, पण खोऱ्यातल्या शाळेत उपग्रहाचं इंटरनेट टिकेल का?

खोऱ्यातली शिक्षिका

नमस्कार. माझी शाळा दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आहे. पहिली ते आठवी, १३४ मुलं, आम्ही चार शिक्षक. शाळेपासून साधारण ९०० मीटरवर आरोग्य उपकेंद्र आणि खोऱ्यात विखुरलेल्या सहा वस्त्या. मोबाइलचं नेटवर्क कुठल्याच कंपनीचं नाही. फायबर येऊन थांबलंय ते ३१ किलोमीटरवर, मध्ये नदी आणि घाट.

रेंज मिळते ती डोंगराच्या सोंडेवर, एका खडकापाशी. चढायला पन्नास मिनिटं लागतात. मागच्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते म्हणून आठवीच्या अकरा मुलांना घेऊन तिथे गेले. फोन हात उंच करून धरायचा, एक दांडी येते, जाते. फोटो आणि सही अपलोड करायची वेळ आली की नुसतं गोल फिरत राहायचं आणि मग पान पुन्हा पहिल्यापासून. अंधार पडेपर्यंत सात अर्ज गेले. उरलेल्या चौघांना दुसऱ्या दिवशी परत नेलं, तोवर मुदत संपून संकेतस्थळ बंद झालं होतं. त्या चौघांत वर्गातली गणितात सगळ्यात हुशार मुलगी होती. तिने मला काहीच विचारलं नाही, आणि तेच मला अजून बोचतं.

आता एक संस्था उपग्रहाची जोडणी द्यायला तयार आहे. जागा, वीज आणि देखभाल आम्ही बघायची. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. भूस्थिर उपग्रहाची जुनी पद्धत घ्यावी की खालच्या कक्षेतली नवी? आमच्याकडे वीज कधीही जाते, मग ही जोडणी कशावर चालवायची? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्यांनी अशा ठिकाणी हे प्रत्यक्ष केलंय त्यांच्याकडे ते दुसऱ्या वर्षीही चालू होतं का?

भ्रमणकक्षा

ताई, आधी उंचीचा हिशोब सांगतो, पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. डिश एकदा रोखली की झालं. ध्रुवांकडचा भाग सोडला तर असे तीन उपग्रह जगाला पुरतात, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं. अडचण आहे ती अंतराची. तुम्ही बटण दाबलं की विनंती वर जाते, खाली येते, उत्तर परत वर जाऊन खाली येतं. प्रकाशाच्या वेगानेही यात अर्धा सेकंद जवळजवळ संपतो, यंत्रांचा वेळ धरला की ६०० मिलिसेकंद होतात. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही. अर्ज भरायच्या संकेतस्थळावर एकेका पानासाठी पन्नास वेळा ये-जा होते, तिथे मात्र जीव मेटाकुटीला येतो.

खालच्या कक्षेतल्या सेवांपैकी स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आणि वनवेबचे १,२०० किलोमीटरवर आहेत. तिथे विलंब काही दहा मिलिसेकंदांचाच, फायबरच्या जवळ जाणारा. पण इतक्या खालचा उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, म्हणून ते शेकड्यांनी, हजारांनी लागतात आणि अँटेनाला एक सोडून दुसरा पकडत राहावं लागतं. या दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे ओथ्रीबी, सुमारे ८,००० किलोमीटरवर. इंटरनेटपासून दूर राहिलेल्या ‘इतर तीन अब्ज’ माणसांवरूनच त्याचं नाव पडलं. त्याचे पहिले चार उपग्रह २०१३ मध्ये गेले. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशांना त्याचा मोठा उपयोग झाला, पण तो दूरसंचार कंपन्यांना ठोक क्षमता पुरवण्याचा मार्ग आहे, एका शाळेसाठी नाही.

परवानगी मिळत असेल तर खालच्या कक्षेतलीच घ्या, असं माझं मत.

आकडे आणि माणसं

थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए दरवर्षी अहवाल काढते. २०२३ च्या आकड्यांनुसार जिथे मोबाइल ब्रॉडबँडचा सिग्नलच पोहोचत नाही अशा भागात सुमारे ३५ कोटी माणसं राहतात. सिग्नल आहे, तरी मोबाइल इंटरनेट वापरत नाहीत अशी माणसं सुमारे ३१० कोटी. म्हणजे जवळजवळ नऊपट. त्यांच्याकडे फोन नाही, परवडत नाही, वाचता येत नाही, आपल्या भाषेत काही सापडत नाही, किंवा घरातल्या बाईच्या हाती फोन दिलाच जात नाही. ही दरी उपग्रहाने बुजत नाही. त्यामुळे ‘उपग्रह आला, दरी मिटली’ असं कोणी म्हटलं की मला काळजी वाटते. जोडणीइतकाच खर्च शिकवण्यावर आणि उपकरणांवर करा, एवढंच सुचवतो.

खोऱ्यातली शिक्षिका

रागावले नाही, आकडे पटले. पण आम्ही त्या ३५ कोटींतले आहोत. आमच्या मुलांना शिकवायला मी आहे, अर्ज वाचता येतो, शाळेत सहा टॅबलेट आहेत. नाही तो फक्त सिग्नल.

छतावरचा तंत्रज्ञ

ताई, मी बावीस वर्षं व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या छोट्या डिश, बसवतोय. बँका, धरणं, चौक्या आणि बऱ्याच शाळा केल्यात. तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरू करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका डोंगरी शाळेवर मी १.२ मीटरची डिश बसवली. भूस्थिर उपग्रह, केयू बँड (लहरींचा एक पट्टा). तुम्ही कधी बघितलं नसेल म्हणून सांगतो, डिश रोखणं हे फार नाजूक काम असतं. होकायंत्राने दिशा धरायची, अंशमापकाने उतार धरायचा आणि मग मीटरकडे डोळे लावून बोल्ट पाव-पाव फेरी फिरवायचा. एक अंश चुकला की तिकडे ३६ हजार किलोमीटरवर तुम्ही सहाशे किलोमीटर बाजूला गेलेले असता, आणि शेजारचा उपग्रह बऱ्याचदा दोनच अंशांवर बसलेला असतो. सिग्नल चढत जातो, चढतो, आणि उतरायला लागतो. मग अर्धी फेरी मागे यायचं. त्यानंतर हबला, म्हणजे सेवा देणाऱ्यांच्या मुख्य केंद्राला, फोन लावून पोलरायझेशन (लहरींची आडवी-उभी दिशा) तपासून घ्यायचं, म्हणजे आपला आवाज दुसऱ्याच्या वाहिनीत शिरत नाही ना हे ते सांगतात. त्या दिवशी सगळं पहिल्या प्रयत्नात जमलं. मुलं छताखाली उभी होती. पहिलं पान उघडलं तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळ्यांना रांगेने आत नेऊन पडद्यासमोरून फिरवलं.

पाचव्या महिन्यात ती जोडणी बंद पडली. मी पोहोचलो त्यानंतर अकरा आठवड्यांनी. छतावर चढून केबलचा एफ कनेक्टर, म्हणजे टोकाचा जोड, उघडला, तर आतली तांब्याची तार हिरवी. पाणी शिरलं होतं. त्या जोडावर चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळायची असते, ती राहिली होती. माझ्याच हातून राहिली होती, कारण खाली गाडी निघायच्या घाईत होती. मुठीत मावणारा कनेक्टर आणि वितभर टेप, पंधरा मिनिटांचं काम. त्यासाठी १०० मुलांचं अडीच महिन्यांचं नुकसान.

अकरा आठवडे का लागले? जोडणी बंद पडल्याची खबर द्यायला गावाकडे ती जोडणी हाच एकमेव रस्ता होता. तो तुटल्यावर ते कुणाला कळवणार? त्यांना वाटलं हबवाल्यांना दिसत असेल. हबवर खरंच लाल दिवा लागला होता, पण ते म्हणाले शाळेला सुट्टी असेल, वीज नसेल. दोन्हीकडची माणसं एकमेकांची वाट बघत राहिली.

तेव्हापासून मी बसवायला गेलो की गावातली दोन माणसं मागतो. शिक्षक एकटे नकोत, कारण त्यांची बदली होते. कायम तिथे राहणारं कुणीतरी हवं. त्यांच्याकडून एकदा कनेक्टर सोलून, बसवून, टेप गुंडाळून घेतो. स्वतः करून दाखवून भागत नाही, त्यांच्या हाताने व्हायला लागतं. मॉडेमवरचे दिवे कागदावर रंगाने काढून भिंतीला चिकटवतो: हा लुकलुकतोय तर काय, हा विझलाय तर काय. आणि हबशी लेखी ठरवून घेतो की ४८ तास स्टेशन दिसलं नाही तर विचारणा करायची, आणि गावाने तिसऱ्या दिवशी माणूस रेंजच्या जागी पाठवायचा. तुमच्याकडे तो खडक आहेच.

हे मी शोधून काढलेलं नाही. १९७५-७६ चा साइट, म्हणजे उपग्रहावरून शिक्षणपर दूरदर्शन दाखवायचा भारतातला प्रयोग आठवा. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कोंबडीच्या जाळीच्या तीन मीटरच्या डिश लावून थेट उपग्रहावरून दूरदर्शन पोहोचवलं. एकनाथ चिटणीस त्या कार्यक्रमाचे व्यवस्थापक होते. लोक उपग्रहाबद्दल बोलतात, मला त्यातलं मोठं काम दिसतं ते खालचं: संच दुरुस्त करत गावोगाव हिंडणारी माणसं, आणि शेती, आरोग्य, शाळा यांचे कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नडमध्ये तयार करणारी माणसं.

आता पहिला प्रश्न. भ्रमणकक्षा यांचं बाकी सगळं बरोबर, पण खोऱ्यात एकदम ठरवू नका. भूस्थिर उपग्रहाला आकाशातला एकच ठिपका मोकळा लागतो. खालच्या कक्षेतल्या अँटेनाला मात्र आकाशाचा मोठा तुकडा हवा, उघडी छत्री उलटी धरल्यासारखा, शंभरेक अंशांचा. त्यात डोंगराची कड किंवा मोठं झाड शिरलं की दर काही मिनिटांनी जोडणी तुटते. व्हिडिओला ते चालून जातं, अर्जाला नाही. बहुतेक सेवांच्या ॲपमध्ये फोनच्या कॅमेऱ्याने आकाश तपासायची सोय असते. छतावर उभं राहून तपासा आणि मगच ठरवा. आणि परवाना आधी बघा. आकाशात लहरी पाठवणारं कुठलंही यंत्र विनापरवाना लावू नका, संस्था कितीही चांगली असली तरी कागद मागा.

वीज. खालच्या कक्षेतली साधारण अँटेना ५० ते ७५ वॉट खाते, ६० धरू. चोवीस तासांत जवळपास दीड युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण ती निम्म्याखाली उतरवत गेलात तर वर्षभरात मरते. म्हणजे एका बॅटरीवर एक रात्र निघते. सलग दोन दिवस ढगाळ राहिले तर तीन-चार बॅटऱ्या लागतील. त्यापेक्षा टायमर लावून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालवा, ६०० वॉट-अवरमध्ये भागेल. आणि त्या बॅटरीवर कुणाचेही फोन चार्ज करू देऊ नका. मी पाहिलेल्या निम्म्या बॅटऱ्या तशाच गेल्यात. चार्जिंगसाठी वेगळं छोटं पॅनेल द्या, नाही म्हणणं सोपं जातं.

उपकेंद्रातली नर्स

मी दुसऱ्याच एका दुर्गम भागात काम करते, पण हे वाचून राहवलं नाही. दादा, संध्याकाळी सहाला बंद करू नका. बाळंतपणं रात्री होतात. साप रात्री चावतात. माझ्याकडे रात्री दोन वाजता पहिलटकरीण आली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. मला व्हिडिओ नको होता. पलीकडून डॉक्टरचा आवाज हवा होता, की पुढचं औषध किती द्यायचं आणि गाडीत घालायचं की आधी थांबवायचं. त्या रात्री आवाज मिळाला, अर्धा सेकंद उशिराने येत होता, पण मिळाला. ती आणि बाळ दोघंही बरी आहेत.

१९७१ मध्ये अलास्कात एटीएस-१ उपग्रहावरून गावांतल्या आरोग्यसेवकांना डॉक्टरांशी नुसतं बोलायची सोय केली होती. रेडिओसारखी, एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने. आमच्या प्रशिक्षणात हे सांगितलं होतं आणि मला तेव्हाच पटलं, की आवाज भरवशाचा असेल तर निम्मं काम होतं. दिवसा जखमेचा फोटो किंवा ईसीजी पाठवून ठेवायचा, उत्तर तासाने आलं तरी चालतं. रात्री मात्र आवाज लागतोच.

छतावरचा तंत्रज्ञ

सिस्टर, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि माझं टायमरचं गणित त्यापुढे टिकत नाही.

ताई, मग असं करता येईल का? डिश शाळेवर न बसवता उपकेंद्रावर बसवा. ९०० मीटर म्हणजे काहीच नाही. दोन्ही इमारती एकमेकींना दिसत असतील तर पाच गिगाहर्ट्झच्या दोन छोट्या वायफाय अँटेना समोरासमोर लावून जोडणी शाळेत आणता येते, त्यांना प्रत्येकी दहाएक वॉट पुरतात. शाळेचा भाग टायमरवर ठेवा. उपकेंद्रातली मुख्य जोडणी रात्री बंद, पण स्विच नर्सच्या हाताशी. चालू केल्यापासून उपग्रह पकडायला काही मिनिटं लागतात, ती त्यांना माहीत असू देत.

क्षमता वाटायचंही आधीच ठरवा. पहिल्या आठवड्यात काय होतं ते सांगतो: खोऱ्यातला प्रत्येक फोन वायफाय बघून सगळी ॲप अपडेट करायला घेतो, दोन वर्षांचे फोटो वर चढवायला घेतो आणि महिन्याचा डेटा चार दिवसांत संपतो. राउटरवर अपडेट आणि फोटोंचा बॅकअप दिवसा अडवा. उपकेंद्राचा आवाज सगळ्यांच्या पुढे, मग अर्ज आणि सरकारी कामं, मग वर्ग, मग बाकीचे. शाळेत एक छोटा सर्व्हर ठेवा. किविक्स आणि कोलिब्री ही इंटरनेटशिवाय चालणारी सॉफ्टवेअर आहेत: किविक्सवर मराठी विकिपीडिया पूर्ण उतरवता येतो, कोलिब्रीवर धडे आणि व्हिडिओ ठेवता येतात. तीस मुलांनी तोच धडा तीस वेळा आकाशातून का आणायचा? एकदा आणायचा, पुढे उपग्रह बंद असला तरी वर्ग चालतो.

आणि भूस्थिर घेतलंत तर वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आगेमागे, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. काही दिवस रोज ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल बुडतो. बिघाड नाही तो, कुणी बोल्टला हात लावू नये. उत्तर गोलार्धात त्यातला एक काळ मार्चच्या आसपास येतो, परीक्षांचा. सेवा देणाऱ्याकडून तारखा आणि वेळा आधीच मागून वर्गात लावा.

भ्रमणकक्षा

खोऱ्याची कड माझ्या डोक्यातच आली नाही, मी सपाट जागा धरून बोललो. तंत्रज्ञ म्हणतात तसं आधी आकाश बघा.

एक जोडतो. फायबर उद्या आलं तरी हे काढून टाकू नका. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्राखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, बाहेरच्या जगाशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली आणि ती जोडायला पाच आठवडे लागले. तोवर त्या देशाचा बाहेरशी संबंध उपग्रहावरच चालला. तुमच्याकडे नदी आणि घाट आहे म्हणता, म्हणजे फायबर दर पावसाळ्यात कुठेतरी तुटणारच.

खोऱ्यातली शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले कारण रविवारशिवाय वर चढणं होत नाही, हेही खडकावरूनच लिहितेय.

आठवीची तीन मुलं घेऊन दोन्ही छतांवर आकाश तपासलं. शाळेच्या छतावरून पूर्वेची कड बरीच आत येते, ॲपने बराच भाग लाल दाखवला. उपकेंद्राच्या छतावर एका कोपऱ्यात एकच झाड आड येतं, आणि त्याची एक फांदी उतरवली तर पुरेल असं दिसतं. दोन्ही इमारती एकमेकींना स्वच्छ दिसतात, मुलांनी आरशाने ऊन पाडून खात्री केली.

उपकेंद्रातल्या सिस्टरना रात्रीच्या स्विचचं सांगितलं. त्या म्हणाल्या, स्विच माझ्या उशाशी बसवा. संस्थेकडे परवान्याचे कागद मागितले आहेत, आणि ४८ तासांच्या विचारणेची अट करारात घालायला ते तयार आहेत.

देखभालीसाठी दोन नावं ठरली. एक उपकेंद्राची मदतनीस, ती याच खोऱ्यातली आहे. दुसरी तीच मुलगी, जिचा अर्ज राहिला होता. ती आता नववीला आहे, शाळा दूर असल्याने शनिवार-रविवारच घरी असते. वयाने लहान आहे, चालेल का?

छतावरचा तंत्रज्ञ

चालेल. छतावर मात्र मोठं माणूस सोबत असल्याशिवाय चढू द्यायचं नाही, आणि मॉडेमची वीज बंद केल्याशिवाय कनेक्टरला हात लावायचा नाही. पाठवणाऱ्या अँटेनाच्या तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही. हे तीन नियम तिच्याच अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

खालच्या कक्षेतल्या अँटेनाला केबल आणि जोड त्यांचेच येतात, ते सोलायचे नसतात. तरी वायफायच्या दोन अँटेनांचे जोड उघड्यावर राहणार, म्हणून टेप लागेलच. बसवायला येणाऱ्यांकडून जादा केबल, चार जोड आणि टेपची दोन रिळं मागून एका घट्ट झाकणाच्या डब्यात उपकेंद्रात ठेवा. टेप ताणून गुंडाळायची, निम्मी निम्मी एकावर एक चढवत, खालून वर. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याच्या कडेला पाणी थांबतं. तिच्याकडून आधी एखाद्या काठीवर दहा वेळा करून घ्या.

बसवायची तारीख ठरली की कळवा. त्या दिवशी मी फोनजवळ असेन.